बाकड्यावरची दहा मिनिटं

शेवंतामावशी,

तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी वंदना झाली, पंगती बसल्या आणि तुमच्या संगीतानं मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं. मला वाटलं, आईसाठी रडायला तिला कुणीतरी हवंय. तिनं रेशनकार्डाची प्लॅस्टिकची पिशवी उघडली आणि तुमचं तपासणीचं कार्ड माझ्या हातात दिलं. आपल्याच उपकेंद्राचं पिवळं कार्ड. त्यावर तीन वर्षांच्या तीन ओळी, माझ्या अक्षरातल्या, आणि तिन्ही ओळींत एकच आकडा. १२०/८०.

"सिस्टर, डॉक्टर म्हणाले बीपी वाढून डोक्यात रक्त उतरलं. पण आईचं बीपी तर चांगलं व्हतं की. तुमीच लिहिलंय हितं. मग असं कसं झालं?"

"होतं गं कधी कधी असं," मी म्हणाले. "सांगता येत नाही."

पंगतीत माझं पान वाढलेलं होतं. ते तसंच सोडून मी स्कूटी काढली आणि वलवणला घरी आले.

मावशी, तुमचं बीपी मी कधी मोजलंच नव्हतं. एकदाही नाही. ते तीन आकडे मी मनानं लिहिले. तुम्हाला हे कळलं होतं का, ते मला आजही ठाऊक नाही आणि आता तुम्हाला विचारायची सोय राहिली नाही. सतरा वर्षं रोज माझ्याशी भांडलात, तर आता एवढं ऐकून घ्या.

मी हजर झाले तो दिवस आठवतो का तुम्हाला? पांढरे बूट, नवं घड्याळ, गळ्यात स्टेथोस्कोप. लोणावळ्याची पोरगी, खेड्यात पहिल्यांदा. आपलं उपकेंद्र टेकडीच्या अंगाला. ते तिथं बांधायचं कुणाच्या डोक्यात आलं देव जाणे, आजारी माणसानं आधी टेकडी चढायची आणि मग औषध घ्यायचं. पहिल्याच तपासणीच्या दिवशी मी पट्टा बांधत गेले आणि जो येईल त्याचं बीपी वाढलेलं. म्हातारे, तरणे, पाटलीणबाई, दूधवाला, कुणी म्हणून सुटेना. अख्खा गाव आजारी निघाला, आता वर कळवायला पाहिजे म्हणून मी फोन शोधायला लागले.

तुम्ही कोपऱ्यात झाडत होतात. केरसुणी न ठेवताच म्हणालात, "शिस्टर, चढ चढून आल्यात त्ये. जरा दम खाऊ द्या की त्यांना."

लाजेनं मेले मी. कॉलेजात परीक्षेला लिहिलेलं वाक्य होतं ते, रुग्णाला आधी विश्रांती द्यावी. आणि मला त्याची आठवण एका झाडणाऱ्या बाईनं करून दिली. मला रागच आला तुमचा, खरं सांगते.

दुसऱ्या दिवशी शाळेनं टाकून दिलेलं एक बाकडं तुम्ही आणि गावच्या आशाताईनं मिळून चढावर ओढत आणलंत. एक पाय आखूड, त्याखाली कौलाचा तुकडा. कागदावर तुम्ही अर्धवेळ परिचर, झाडलोट, पाणी आणि निरोप एवढंच काम. पण त्या बाकड्याच्या मालकीण तुम्ही. तुमचे नियम सगळ्या गावाला पाठ झाले. आल्याआल्या आधी बाकड्यावर बसायचं. तोंडातली तंबाखू थुंकून यायची. बायकांनी बाथरूमला जाऊन यायचं. पायावर पाय टाकायचा नाही. आणि दहा मिनिटं गप्प.

"पुस्तकात पाच मिनिटं दिलीत, मावशी."

"पुस्तक लिवनारा चढून आलता का?"

दहा मिनिटं तर दहा मिनिटं.

आपल्या मावळातल्या माणसाला दहा मिनिटं गप्प बसवणं म्हणजे काय खायचं काम नव्हे. धोंडूआबा बसले की शेजाऱ्यानं बांध कसा कोरला तिथूनच सुरुवात व्हायची. तुम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडं बोट करून म्हणायचात, "आबा, बांध हितं न्हाई आनायचा. बांध आनला का बीपी चढतं. पयल्यापासनं मोजा आता." आणि आबा, ज्यांच्यापुढं सरपंच बोलायला कचरायचा, ते निमूट पुन्हा पहिल्या मिनिटापासून बसायचे. जुन्या काळी ज्या घरांतून तुमच्या माणसांना ओट्याखालीच उभं करायचे, त्यातलंच एक त्यांचं घर. हे मला तुम्ही कधीच सांगितलं नाहीत, आशाताईनं सांगितलं. तुम्ही फक्त म्हणालात, "बाकड्यावर समदे सारखे."

पहिल्याच आठवड्यात माझी आणखी एक चोरी तुम्ही पकडलीत. नाडी मी मोजायचे, ताप बघायचे, पण श्वास? मिनिटभर कुणाच्या पोटाकडं बघत कोण बसतंय. सगळ्या नर्सा करतात तेच मी करायचे. अठरा, अठरा, वीस, अठरा. रजिस्टर पुसायला घेतलंत आणि त्या रकान्यावरून तुमचं बोट खाली आलं.

"समद्या गावाचा श्वास एकाच मापाचा का काय? बघून लिवलंय का मनानं?"

"मावशी, तुम्ही तुमचं काम करा."

"करतेच हाय. पन न्हाई मोजलं तर न्हाई मोजलं म्हनून लिवा. आकडा कशापायी टाकताय?"

चार दिवस मी तुमच्याशी बोलले नाही. पाचव्या दिवशी वरच्या वाडीतली एक बाई चार महिन्यांचं लेकरू घेऊन आली. सर्दी आहे म्हणाली. मी चाळीस लिहायला पेन टेकवलं आणि तुमच्याकडं बघितलं. तुम्ही बाळाचं झबलं वर केलंत आणि घड्याळ माझ्यापुढं धरलंत. पूर्ण मिनिट. बासष्ट. निमोनिया होता. जीपमधून त्याला लोणावळ्याला नेलं, तर वाटेत तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की बघा, मी सांगितलं नव्हतं का. तो पोरगा आता माझ्यापेक्षा उंच झालाय, भेटला की वाकून नमस्कार करतो. मला तो नमस्कार घ्यायला नको वाटतं.

मोठ्या माणसांचा श्वास मोजायची युक्तीही तुमचीच. मोजतोय म्हणून सांगितलं की माणूस मुद्दाम मोठमोठे श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. हात धरून ठेवायचा, नजर पोटाकडं न्यायची आणि आत मोजत राहायचं. त्याला वाटतं, अजून नाडीच चाललीय. हे पुस्तकातही आहे म्हणा. पण पुस्तक वाचून मला ते जमलं नव्हतं, तुमच्याकडं बघून जमलं. तुम्ही कुणाचाही हात असा धरायचात की त्याला तो काढून घ्यावासाच वाटायचा नाही.

आणि मी तुम्हाला काय शिकवलं? एकच गोष्ट. एका दुपारी कुणी नव्हतं, तेव्हा स्टेथोस्कोप तुमच्या कानात घातला आणि माझ्या दंडाला पट्टा बांधून पारा चढवला. हळूहळू हवा सोडली. तुमचे डोळे एकदम मोठे झाले. "आगं बया, आत कोनतरी दार वाजवतंय की." मग आवाज बंद झाला तेव्हा तुम्ही घाबरून माझ्याकडं बघितलंत. मी हसत हसत सांगितलं, आवाज पहिल्यांदा आला तो वरचा आकडा, गेला तो खालचा. त्यानंतर महिनाभर तुम्ही माझं बीपी घेऊन घेऊन माझा दंड दुखवलात. माझे आकडे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. नवऱ्याशी भांडून आले की दहा मिनिटं जास्त बसवायचात.

त्याच दुपारी मी तुम्हाला म्हणायला हवं होतं, आता तुमचा हात द्या. का नाही म्हणाले मी? उलट बाजूनं पट्टा बांधायला कितीसा वेळ लागतो.

भातलावणीच्या दिवसातला तो गोंधळ आठवला की मला आजही हसू येतं. कोविडचं साल. बोटाला लावायची मशीन नवीनच आली होती. घरोघर जाऊन सगळ्यांचा ऑक्सिजन बघायचा हुकूम होता. घरी कोण सापडणार, सगळे खाचरात. मी बांधावर उभी राहून एकेकीला बोलावून बोटाला चिमटा लावला. पंच्याऐंशी. ब्याऐंशी. मशीन काहीच दाखवेना अशी एक. तिघींना अँब्युलन्समधून न्यावं लागेल म्हणून मी फोन लावला आणि त्या तिघी चिखलात उभ्या राहून मला विचारतायत, "शिस्टर, दोन मूठ रोप ऱ्हायलंय, लावून येऊ का?"

तुम्ही खाली उतरलात. त्यांचे हात पदरानं पुसलेत, तळव्यात धरून खसाखसा चोळलेत, फुंकर घातलीत. सकाळपासून पाण्यात राहून ती बोटं पांढरीफटक पडली होती, सुरकुतलेली. "गारठल्यात बोटं. त्या मशीनला काय दिसनार हाय?" पाच मिनिटांनी पुन्हा चिमटा लावला. सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव, सत्त्याण्णव. तोवर अँब्युलन्स निघाली होती. ड्रायव्हरला चहा पाजून परत पाठवायला तुम्हीच पुढं झालात.

एवढ्या लोकांचे हात तुम्ही चोळलेत, मावशी. तुमचा हात मात्र कधी माझ्या हाती लागू दिला नाहीत.

तीस वर्षांवरच्या सगळ्यांची तपासणी करायची असा आदेश आला तेव्हा मी पहिलं नाव तुमचंच घातलं. "बसा बाकड्यावर."

"मी बसले तर लोकांकडं कोन बघंल?"

"मग संध्याकाळी."

"संध्याकाळी जेवान कोन करंल? मला काय धाड भरलीय. आधी लोकांचं होऊ द्या."

रोज हेच. मी चिडायचे, तुम्ही हसायचात. एकदा मी पट्टा घेऊन मागं लागले तर तुम्ही पाण्याची बादली उचलून चालू लागलात. शेवटी माहिती पाठवायचा शेवटचा दिवस आला. टॅबमध्ये तुमचं नाव भरलेलं, वय भरलेलं, आणि बीपीचा रकाना रिकामा ठेवून पुढं जाऊच देईना. तुम्ही म्हणायचात ना, न्हाई मोजलं तर न्हाई मोजलं लिवा. त्या मशीनमध्ये ते लिहायला जागाच नव्हती. पण मशीनला दोष देऊन मी सुटणार नाही. तुम्ही दाराबाहेर भांडी घासत होतात, चार पावलांवर. मी उठले नाही. १२०/८० टाकलं, तेच रजिस्टरात उतरवलं, कार्डावर उतरवलं. पुढच्या वर्षी मागचं बघून लिहिलं. तिसऱ्या वर्षी तर विचारही केला नाही.

आणि मला छळतं ते त्या पहिल्या वर्षीचं. कार्ड मी तुमच्या हातात दिलं. तुम्ही चौथीपर्यंत शिकलेल्या, आकडे तुम्हाला माझ्याइतकेच कळायचे. तुम्ही ते उलटसुलट करून बघितलंत.

"कवा मोजलंत?"

"तुम्ही परवा भिंतीला टेकून घोरत होतात ना, तेव्हा," मी चेष्टेत म्हणाले.

मी वाट बघत होते. आता केरसुणी आपटाल, आता म्हणाल बघून लिवलंय का मनानं. दुसऱ्या कुणाचा आकडा असता तर तुम्ही मला उभं जाळलं असतंत. पण तुम्ही थोडंसं हसलात आणि कार्ड घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवलंत. मावशी, तुम्हाला खरंच वाटलं का, की मी मोजलंय? की कळूनसुद्धा मला पाठीशी घातलंत? पहिलं असेल तर मी तुमचा विश्वासघात केला. दुसरं असेल तर मला तुमचा फार राग येतो. माझ्यावर असली माया करायची काय गरज होती?

तुमचा खरा आकडा मी पहिल्यांदा पाहिला तो लोणावळ्याच्या दवाखान्यात. नळावर तुम्ही पडलात त्या सकाळी. मशीनच्या काचेवर लाल अक्षरात २१८/१२४. मी नर्स आहे, मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तुमचं मनगट धरून बसले. मशीन सगळंच मोजत होती, तरी मी हात धरून तुमच्या पोटाकडं बघत राहिले आणि मोजत राहिले. तुमची युक्ती तुमच्यावरच. तो हात पहिल्यांदा माझ्या हातात होता, आणि तुम्हाला काहीच कळत नव्हतं.

आता आजचं सांगते, त्यासाठीच लिहायला बसलेय.

आज सकाळी संगीता आली. वडिवळ्याहून दोन गाड्या बदलून, मग आपला चढ. महिनाभर डोकं दुखतंय म्हणाली. कामशेतच्या डॉक्टरनं विचारलं होतं, घरात कुणाला बीपी आहे का. "मी म्हनलं न्हाई. आईचं तर तीन वर्षं कार्ड हाय, चांगलं होतं. मंग ते म्हनले, टेन्शन असंल, चार दिवस झोप काढा."

मी तिला बाकड्यावर बसवलं. तुमच्या जागी, भिंतीच्या कडेला. घड्याळ बघायला लागले आणि मला ती दहा मिनिटं सोसेनात. सातव्या मिनिटाला मी म्हणाले, "संगीता, त्या कार्डावरचे आकडे खोटे आहेत. मी मोजले नव्हते. मनानं लिहिले."

ती माझ्याकडं बघत राहिली. "तिन्ही?"

"तिन्ही."

"म्हंजी आईला आधीपासनं आसंल?"

"असेल. मला माहीत नाही. मी बघितलंच नाही. बघितलं असतं तर गोळी सुरू झाली असती."

हे वाक्य मी मोठ्यानं बोलले, मावशी. पहिल्यांदा. ती उठली आणि बाहेर नळापाशी जाऊन उभी राहिली, माझ्याकडं पाठ करून. मला वाटलं, आता ही चढ उतरून जाईल, आणि जावंच तिनं. आशाताई आत येत होती, तिला मी हातानंच थांबवलं. संगीतानं तोंडावर पाणी मारलं, पदरानं पुसलं आणि परत आली. बाकड्यावर बसली. पाय खाली टेकवले, हात मांडीवर.

"घड्याळ पयल्यापासनं लावा," ती म्हणाली. "मला राग आलाय तुमचा. रागात मोजलं का खोटं येतं. आई म्हनायची."

मी तिच्या शेजारी बसले. बाकडं डुगडुगलं, कौलाचा तुकडा सरकलाय, नीट करायला पाहिजे. दहा मिनिटं आम्ही दोघी गप्प बसलो. तिचे डोळे वाहत होते, माझेही, पण तोंडातून कुणी शब्द काढला नाही. मग आणखी पाच मिनिटं बसलो. मग मी पट्टा बांधला. १५४/९६. दुसऱ्या हाताला घेतलं. १५२/९६.

"किती आलं?"

मी सांगितलं. हेही सांगितलं की आज डॉक्टरला फोन करते, परवा पुन्हा मोजू, आणि आईला बीपी होतं असं डॉक्टरला ठामपणे सांग. ती म्हणाली, "लिहा. आलंय तसंच लिहा." जाताना पिशवीतून तुमचं पिवळं कार्ड काढून तिनं टेबलावर ठेवलं. "हे माझ्याकडं नको." मला माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मी विचारलं नाही. परवा सकाळच्या गाडीनं येते म्हणाली.

ती उतरून गेल्यावर मी तिन्ही वर्षांची रजिस्टरं काढली. तुमचं नाव तीन ठिकाणी आहे. तिन्ही ठिकाणच्या आकड्यावर लाल शाईनं एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी. शेजारी माझ्या हातानं लिहिलं, मोजले नाही. पुढं आजची तारीख आणि माझी सही. कार्डावरही तसंच केलं. उद्या वरून विचारणा होईल, होऊ दे, मी काय सांगायचं ते ठरलंय.

संगीताची नवी ओळ त्याच रजिस्टरात आज शेवटी आहे. श्वासाचा रकाना भरायचा राहिला होता. पट्टा सोडल्यावरही मी तिचं मनगट धरून ठेवलं होतं, तिला वाटलं नाडीच मोजतेय. पूर्ण मिनिट मोजला, मावशी. एकवीस आहे.